फँटसी लीगसाठी कीपर कसा पारखायचा

मित्रमंडळींच्या फँटसी लीगमध्ये, म्हणजे खऱ्या क्रिकेटपटूंचा कागदावर संघ बांधून त्यांच्या सामन्यांतल्या कामगिरीवर गुण मोजायच्या खेळात, लिलावाच्या दिवशी सगळ्यात जास्त उधळपट्टी विकेटकीपरवर होते. संघात कीपर एकच लागतो, नावं सगळ्यांच्या तोंडी असतात आणि मागच्या सामन्यातली खेळी डोळ्यांसमोर असते. मग बोली चढत जाते आणि पुढचे दोन महिने तोच कीपर सात नंबरला पॅड बांधून बसलेला दिसतो. हे टाळता येतं. त्यासाठी एक वही किंवा एक्सेलची शीट, गेल्या मोसमाची स्कोअरकार्डं आणि रविवारची एक दुपार एवढंच लागतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. त्यामुळे इथला सगळा हिशेब फुकटच्या लीगसाठी आहे. नागपुरात धरमपेठेत, मानेवाड्यात, कॉलेजच्या ग्रुपवर आठ-दहा जण मिळून चालवतात तशी, खोटे शंभर कोटी वाटून खेळायची लीग. अशा लीगचा फायदा असा की गुणांचे नियम तुमच्या हातात असतात आणि संघ मोसमभरासाठी असतो. एका रात्रीच्या नशिबापेक्षा पारख जास्त चालते.

गुणांची पद्धत या लेखात अशी धरली आहे: प्रत्येक धावेला १, चौकाराला वरचा १, षटकाराला वरचे २. अर्धशतकाला ८, शतकाला १६, शून्यावर बाद झाल्यास उणे २. कॅचला ८, स्टंपिंगला १२. किमान १० चेंडू खेळल्यास स्ट्राइक रेट (शंभर चेंडूंमागे धावा) १३० च्या वर २ गुण, १५० च्या वर ४, १७० च्या वर ६. आणि ७० च्या खाली गेला की कापाकापी. तुमच्या ग्रुपचे आकडे थोडे वेगळे असतील तर ते घाला, रीत तीच राहते.

आधी चेंडू मोजा

कीपर बघताना बहुतेक जण सरासरी आणि स्ट्राइक रेट बघतात. दोन्ही आकडे खरे असतात आणि दोन्ही फसवतात, कारण त्यात तो माणूस सामन्याला किती चेंडू खेळतो हे दिसतच नाही. गुण चेंडूंमधून येतात. म्हणून पहिला रकाना हा: मोसमात खेळलेले एकूण चेंडू भागिले सामने. डाव नाही, सामने. ज्या दिवशी बॅटिंग आलीच नाही तो दिवसही तुमच्या खात्यात शून्य म्हणून लागलेला असतो, तो सोडून दिला की सरासरी फुगते.

आयपीएल २०२५ चे काही कीपर या चाळणीतून काढून बघा. केएल राहुलने दिल्लीकडून १३ सामन्यांत ५३९ धावा केल्या, स्ट्राइक रेट १५० च्या आसपास. म्हणजे साधारण ३६० चेंडू, सामन्याला सत्तावीस-अठ्ठावीस. जोस बटलरने गुजरातकडून १४ सामन्यांत ५३८ केल्या, स्ट्राइक रेट १६३. म्हणजे ३३० चेंडू, सामन्याला तेवीस-चोवीस. ऋषभ पंतच्या लखनौकडून १४ सामन्यांत २६९ धावा, स्ट्राइक रेट १३३. साधारण २०० चेंडू, सामन्याला चौदा. आणि आपल्या अमरावतीचा जितेश शर्मा: बंगळूरकडून १५ सामन्यांत २६१ धावा, स्ट्राइक रेट १७६. चेंडू जेमतेम १४८, सामन्याला दहासुद्धा नाहीत.

याच चौघांच्या लिलावातल्या किमती शेजारी लिहा. राहुल १४ कोटी, बटलर १५.७५, पंत २७, जितेश ११. फ्रँचायझीला कर्णधार हवा असतो, शेवटच्या चार ओव्हरला मारणारा हवा असतो, स्टेडियम भरणारा चेहरा हवा असतो. त्यांची किंमत त्यांच्या गरजेची आहे आणि ती रास्तही असेल. तुमच्या शीटला त्यातलं काहीच दिसत नाही. म्हणून खऱ्या लिलावाचा आकडा आपल्या बोलीचा आधार करू नका.

जितेशचं उदाहरण आणखी जवळून बघण्यासारखं आहे, कारण विदर्भातल्या प्रत्येक लीगमध्ये त्याच्यावर बोली जरा जास्तच लागते. २७ मे २०२५ ला लखनौत २२८ चा पाठलाग करताना त्याने ३३ चेंडूंत नाबाद ८५ काढल्या, ८ चौकार, ६ षटकार. आपल्या पद्धतीने हिशेब: ८५ धावांचे ८५, चौकारांचे ८, षटकारांचे १२, अर्धशतकाचे ८, स्ट्राइक रेटचे ६. एकूण ११९. हा डाव ज्याच्या संघात होता त्याचा तो आठवडाच जिंकून झाला. पण मोसमाच्या २६१ मधून ८५ वजा करा: बाकीच्या १४ सामन्यांत १७६ धावा, ११५ चेंडू, सामन्याला आठ. मारण्याची ताकद पहिल्या सामन्यापासून तीच होती, फक्त पाच-सहा नंबरवर तिला चेंडू मिळत नव्हते. योगायोग असा की त्याच रात्री पंतने ६१ चेंडूंत नाबाद ११८ केल्या होत्या. तो डाव काढला तर आधीच्या अख्ख्या मोसमात त्याच्या उरतात १५१ धावा. असा एक मोठा डाव शेवटी आला की पुढच्या वर्षीच्या लिलावात सगळ्यांना तोच आठवतो. म्हणून प्रत्येक कीपरचा सर्वात मोठा डाव काढून टाकून उरलेल्याची सरासरी शेजारच्या रकान्यात लिहायची सवय ठेवा. दोन्ही आकडे जवळजवळ असतील तर तो माणूस भरवशाचा.

दुसरा रकाना: चेंडूमागे गुण. धावा, अधिक चौकार, अधिक षटकारांची दुप्पट, भागिले चेंडू. चांगल्या ओपनरचा हा आकडा १.७ च्या आसपास असतो, शेवटी येऊन मारणाऱ्याचा २ किंवा त्याहून जास्त. इथे फिनिशर वरचढ दिसतो. पण आता गुणाकार करा. ओपनर २२ चेंडू खेळला तर २२ गुणिले १.७, म्हणजे ३७. फिनिशर ११ चेंडू खेळला तर ११ गुणिले २, म्हणजे २२. पंधरा गुणांची तफावत, तीही रोजची. धोनीचा २०२४ चा मोसम याची टोकाची बाजू दाखवतो. ७३ चेंडूंत १६१ धावा, स्ट्राइक रेट २२०. याहून देखणी आकडेवारी काय असणार? पण १४ सामन्यांत ७३ चेंडू, म्हणजे सामन्याला पाच. धर्मशाळेत तर तो नऊ नंबरला आला आणि पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत झाला.

बॅटिंग ऑर्डर बघताना गेल्या मोसमाचा नव्हे, शेवटच्या पाच-सहा सामन्यांचा क्रम बघा. कितव्या नंबरला आला यापेक्षा कितव्या ओव्हरला आला हे लिहा. चार नंबरचा माणूस चांगल्या ओपनिंगवाल्या संघात तेराव्या ओव्हरला येतो आणि ढासळणाऱ्या संघात चौथ्या. दुसऱ्याला चेंडू जास्त मिळतात. फँटसीसाठी दुबळ्या वरच्या फळीतला चार नंबरचा कीपर ही लिलावातली सगळ्यात स्वस्त मिळणारी चांगली वस्तू आहे, आणि तिच्याकडे फार थोडे बघतात.

ग्लव्ह्जची खरी किंमत

कीपर आहे म्हटल्यावर कॅच-स्टंपिंगचे गुण पावसासारखे पडतील अशी समजूत असते. मोजून बघू. आयपीएलमध्ये २०० बळींपर्यंत पहिला पोचला तो धोनी, एप्रिल २०२५ मध्ये, आणि त्यासाठी त्याला २७० च्या आसपास सामने लागले. म्हणजे सर्वात यशस्वी कीपरलाही चार सामन्यांत तीन बळी. कॅचला ८ आणि मधूनमधून स्टंपिंगला १२ धरले तर ग्लव्ह्जचं उत्पन्न सामन्याला सहा-सात गुणांचं. बॅटिंगच्या भाषेत ते ओपनरच्या चार चेंडूंएवढं झालं.

हा चार चेंडूंचा भाव लक्षात ठेवला की अर्धे वाद मिटतात. २०२५ मध्ये बंगळूरकडून फिल सॉल्ट ओपनिंगला होता आणि ग्लव्ह्ज जितेशकडे होते. दोघंही यादीत कीपर. सॉल्ट कीपिंग करत नाही म्हणून त्याला सोडणाऱ्यांनी सहा-सात गुण वाचवायला जाऊन पंधरा घालवले. ग्लव्ह्ज निर्णायक ठरतात ते फक्त दोघांचे चेंडू जवळपास सारखे असतील तेव्हा.

ग्लव्ह्जचा अंदाज करताना एकाच मोसमाच्या आकड्यावर विसंबू नका. १४ सामन्यांत एकाचे ९ बळी आणि दुसऱ्याचे १४, यात कौशल्य किती आणि कड लागण्याचं नशीब किती हे इतक्या थोड्या सामन्यांतून कळत नाही. कीपिंग केलेले मागचे दोन-तीन मोसम एकत्र करा, बळी भागिले सामने काढा आणि मग गोलंदाजीकडे बघून थोडं वरखाली करा. कोणाचाही अंदाज सामन्याला पाचाच्या खाली किंवा दहाच्या वर नेऊ नका. गेलाच तर हिशेबात चूक असण्याचीच शक्यता जास्त.

गोलंदाजी कशी बघायची? कॅच येतात नव्या चेंडूवर बाहेर काढणाऱ्या वेगवान गोलंदाजांकडून आणि टप्पा आखूड ठेवून अंगावर टाकणाऱ्यांकडून. स्टंपिंग येतं ते फलंदाजाला पुढे ओढणाऱ्या फिरकीकडून, आणि तेही खेळपट्टी संथ असेल तर. चेन्नईच्या चेपॉक मैदानावर २३ मार्च २०२५ ला धोनीने सूर्यकुमारला नूर अहमदच्या चेंडूवर स्टंप केलं, आणि पाच दिवसांनी त्याच मैदानात सॉल्टला, पुन्हा नूरच्याच चेंडूवर. धोनीचे हात जगाला माहीत आहेत. पण त्या २४ गुणांत नूरचा आणि चेपॉकच्या मातीचा वाटा तेवढाच आहे. कीपरने संघ बदलला की हे दोन्ही मागे राहतात, म्हणून जुन्या संघातला बळींचा आकडा नव्या संघाच्या नावाने लिहू नका.

वर्धा रोडवरचं आपलं जामठ्याचं मैदान या बाबतीत शिकण्यासारखं आहे. १५ मार्च २०१६, टी-२० विश्वचषक. न्यूझीलंडच्या १२६ धावांपुढे भारत ७९ वर आटोपला. सँटनर आणि सोधी फिरवत होते आणि स्टंपमागे ल्यूक रॉन्की उभा होता. रोहित शर्मा स्टंप, कोहली कॅच, अश्विन स्टंप. १२, ८, १२. ग्लव्ह्जचेच ३२ गुण. फेब्रुवारी २०२३ च्या कसोटीतही लाबुशेन ४९ वर जडेजाला पुढे येऊन चुकला आणि पदार्पण करणाऱ्या केएस भरतने बेल्स उडवल्या. मैदान मोठं, चेंडू थांबून येणारा, फलंदाजाला पुढे सरसावल्याशिवाय गत्यंतर नाही: अशा ठिकाणी ग्लव्ह्जचा अंदाज दोन-तीन गुणांनी वाढवायला हरकत नाही. मात्र हिवाळ्यातला रात्रीचा सामना असेल तर दुसऱ्या डावात दव पडतं, चेंडू ओला होतो, फिरकीची पकड सुटते. मग ही वाढ पहिल्यांदा गोलंदाजी करणाऱ्या संघाच्या कीपरपुरतीच ठेवा.

गुण लिहिणाऱ्याने दोन नियम पाठ करावेत, नाहीतर ग्रुपवर भांडणं होतात. नो-बॉलवर स्टंपिंग होत नाही, वाइडवर होतं. आणि फलंदाज धाव घेत नसताना, दुसऱ्या क्षेत्ररक्षकाचा हात न लागता कीपरने एकट्याने बेल्स उडवल्या तर स्टंपिंग. चेंडू त्याच्या पॅडला लागून स्टंपवर गेला तरी स्टंपिंगच. कव्हरमधून थ्रो आला आणि कीपरने तोडलं तर तो रनआउट, गुण दोघांत.

यादीतला कीपर आणि मैदानातला कीपर

यादीत नावापुढे कीपर लिहिलं आहे याचा अर्थ तो कधीतरी ग्लव्ह्ज घालत होता एवढाच. आज कोण घालणार हे स्कोअरकार्डवर बघा: ज्याच्या नावाशेजारी छोट्या क्रुसासारखी खूण असते त्यानेच त्या दिवशी कीपिंग केलेलं असतं. आवडत्या पाच-सहा नावांची शेवटची सहा स्कोअरकार्डं उघडा आणि खूण मोजा. दहा मिनिटांचं काम आहे.

संजू सॅमसनचं २०२५ चं उदाहरण घ्या. बोटाच्या दुखापतीमुळे राजस्थानच्या पहिल्या तीन सामन्यांत तो फक्त बॅटिंगला उतरला, ग्लव्ह्ज ध्रुव जुरेलकडे, कप्तानी रियान परागकडे. इम्पॅक्ट प्लेयरचा, म्हणजे सामना सुरू असताना राखीव पाचांतला एक जण अकरांत घ्यायचा, नियम २०२३ पासून असल्याने असं करणं संघाला परवडतं. तुम्हाला मात्र दुहेरी फटका बसतो. ग्लव्ह्जचे गुण जातात, आणि संघ पहिल्यांदा गोलंदाजी करत असेल तर तो अकरांत नसून राखीव पाचांत दिसतो. घाईघाईत यादी बघणारा त्याला बसवून टाकतो आणि तासाभराने तो बॅटिंगला येतो. टॉसनंतरची यादी बघताना अकरा नावांवर थांबू नका, खालची पाच नावंही वाचा.

एकाच संघात दोन-दोन कीपर असले की मागच्या नंबरवाला उपाशी राहतो. जामठ्यावरच २३ सप्टेंबर २०२२ ला, ओल्या मैदानामुळे आठ ओव्हरचा झालेला भारत-ऑस्ट्रेलिया सामना आठवा. भारताच्या अकरांत पंत आणि दिनेश कार्तिक दोघंही. कार्तिकने शेवटच्या ओव्हरला सलग एक षटकार, एक चौकार मारून सामना संपवला, स्टेडियम डोक्यावर घेतलं. फँटसीत त्याचे बॅटिंगचे गुण किती? दहा धावा, वर २ आणि १. तेरा. दहा चेंडू न झाल्याने स्ट्राइक रेटचे शून्य. आणि पंतची बॅटिंगच आली नाही. सामना पावसाने छाटला जाईल असं वाटलं की मधल्या फळीतला कीपर बाहेर ठेवा आणि ओपनर कीपर आत घ्या. चेंडू कमी होतात तेव्हा ते शेपटाकडून कमी होतात.

बोली किती लावायची

आता शीटवर प्रत्येक कीपरपुढे एक आकडा तयार आहे: सामन्याला चेंडू गुणिले चेंडूमागे गुण, अधिक ग्लव्ह्ज. अर्धशतक-शतकाचे आणि स्ट्राइक रेटचे गुण मोसमभराचे एकत्र करून सामन्यांनी भागा आणि त्यात मिळवा. मोठ्याकडून लहानाकडे यादी लावा.

आठ जणांची लीग असेल आणि प्रत्येकाला एकच कीपर लागत असेल तर आठ कीपर विकले जातील. नववा उरेल. तो उरलेला कीपर तुमची मोजपट्टी आहे, कारण तो कोणालाही मोसमात केव्हाही फुकट मिळतो. कोणत्याही कीपरची किंमत म्हणजे तो उरलेल्यापेक्षा किती जास्त देतो एवढीच.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. पहिला कीपर सामन्याला ५२, दुसरा ४७, तिसरा ४५, चौथा ३८, मग सगळे ३६ पासून ३३ पर्यंत दाटीवाटीने, आणि नववा ३२. पहिला उरलेल्यापेक्षा २० जास्त देतो, तिसरा १३, चौथा ६, आठवा एखादाच. याचा अर्थ बोली लावायची ती पहिल्या तिघांवर, आणि ते गेले की हात आखडता घ्यायचा. शेवटच्या फेरीत मूळ किमतीत मिळेल तो कीपर घ्यायचा. सगळ्यात वाईट व्यवहार चौथ्या-पाचव्यावर होतो, कारण पहिले तीन हुकल्यावर घाबरून सगळे त्याच्यावर तुटून पडतात आणि सहा गुणांच्या वाढीसाठी वीस गुणांची किंमत मोजतात.

हीच यादी ऑलराउंडर आणि ओपनरांची करा. तिथे पहिल्या ऑलराउंडरची वाढ ३० निघाली तर कीपरच्या २० साठी त्याला सोडायचं नाही. शंभर कोटी आणि पंधरा खेळाडू असतील तर पहिल्या दर्जाच्या कीपरला बारा-तेरा कोटींच्या वर आम्ही जाणार नाही, आणि चौथ्याच्या पुढे दोन कोटींच्या वर नाही. तुमच्या लीगमध्ये जण दहा किंवा बारा असतील तर उरलेला कीपर आणखी खाली घसरतो आणि वरच्यांची किंमत वाढते. दोन कीपर बंधनकारक असतील तर फारच वाढते. नियम बदलला की मोजपट्टी पुन्हा काढा, जुने भाव चालवू नका.

आणि दुप्पट गुणांच्या कप्तानीसाठी कीपर निवडायचा असेल तर तो पहिल्या तिघांत बॅटिंग करणाराच असावा. पाच-सहा नंबरच्या कीपरला कप्तान करणं म्हणजे सामन्याला आठ-दहा चेंडूंवर दुप्पट डाव लावणं.

मे महिन्यात काय बिघडतं

परदेशी कीपर शेवटापर्यंत राहील का हे लिलावाच्या आधीच बघा, नंतर नाही. २०२५ मध्ये सीमेवरच्या तणावामुळे स्पर्धा आठवडाभर थांबली, वेळापत्रक पुढे सरकलं. बटलर इंग्लंडच्या वनडे मालिकेसाठी प्लेऑफच्या आधी परतला. मुंबईचा रायन रिकल्टन दक्षिण आफ्रिकेबरोबर कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यासाठी गेला. ३० मेच्या एलिमिनेटरला गुजरातकडून बटलरच्या जागी कुसल मेंडिस होता: कॅच सुटले आणि बॅटिंगला आल्यावर हिटविकेट. मुंबईकडून रिकल्टन नसताना ओपनिंगला आलेल्या जॉनी बेअरस्टोने २२ चेंडूंत ४७ मारल्या. ज्यांनी प्लेऑफच्या आधी बदलीची संधी बेअरस्टोसाठी राखून ठेवली त्यांना फुकटात ओपनर कीपर मिळाला.

त्यासाठी लीगचे नियम लिहितानाच दोन गोष्टी ठरवून घ्या: मोसमात बदल्या किती आणि प्लेऑफच्या आधी वेगळी बदली मिळणार का. मग मे-जूनचं आंतरराष्ट्रीय वेळापत्रक उघडा आणि तुमच्या कीपरचा देश कधी खेळतो हे त्याच्या नावापुढे तारखेसह लिहा. देश खेळत असेल तर त्याच्या अपेक्षित सामन्यांतून प्लेऑफचे वजा करा.

महागडा कीपर घेतला असेल तर त्याच संघातला दुसरा कीपर पंधराव्या खेळाडूच्या जागी मूळ किमतीत घेऊन ठेवा. सॅमसनबरोबर जुरेल, तसं. हा विमा फक्त ओपनर किंवा तीन नंबरच्या कीपरसाठी परवडतो, कारण तो बाहेर गेला की बॅटिंगची जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळते आणि गुण तिकडे जातात. ती जागा दुसरा कीपरच घेणार का हे सराव सामन्यांतून कळतं. सामना सुरू असताना कीपर जखमी झाला तर मात्र उपाय नाही. पंचांच्या परवानगीने बदली खेळाडू ग्लव्ह्ज घालू शकतो, स्कोअरकार्डवर त्याचा कॅच बदली म्हणून लागतो आणि तुमच्या खात्यात काही येत नाही.

घरच्या लीगसाठी

जून २०२५ पासून जामठ्यावर विदर्भ प्रो टी-२० लीग सुरू झाली आहे आणि तिच्यावर फँटसी खेळणारे ग्रुप आता शहरात दिसतात. तिथे मागच्या आकड्यांचा साठा थोडा असतो, म्हणून शीटपेक्षा पहिले दोन सामने बघणं महत्त्वाचं: ग्लव्ह्ज कोणाकडे, ओपनिंगला कोण, फिरकीची चार ओव्हर कोण टाकतो. जूनच्या मध्यावर नागपुरात पाऊस येतो, तेव्हा छाटलेल्या सामन्यांचा वरचा नियम इथे जास्तच लागू.

रणजीवर खेळत असाल तर तराजूच उलटा होतो. चार दिवसांत दोन डाव, सकाळचा ओलावा, स्लिप आणि कीपरकडे जाणाऱ्या कडा. ग्लव्ह्जचे गुण टी-२० च्या कितीतरी पट. मधल्या फळीतला कीपरही भरपूर चेंडू खेळतो. विदर्भाला २०२४-२५ ची रणजी जामठ्यावर जिंकून देणारा कर्णधार अक्षय वाडकर कीपरच आहे. टी-२० च्या शीटवर असा माणूस दिसणारही नाही, रणजीच्या शीटवर तो वरच्या ओळीत बसतो. त्यामुळे दोन्ही स्पर्धांची शीट वेगळी ठेवा.

राहिलं रोजचं काम. रात्रीच्या सामन्याचा टॉस सातला होतो, बर्डीवरून मेट्रो पकडण्याच्या सुमारास. सात वाजून पाच मिनिटांनी यादी उघडा. कीपर अकरांत आहे की खालच्या पाचांत, ग्लव्ह्ज कोणाकडे, संघ पहिल्यांदा काय करतो आहे, एवढ्या तीन गोष्टी बघा आणि बदल करायचा असेल तर साडेसातच्या आत करा. दुपारचा सामना असेल तर टॉस तीनला असतो. रविवारी जेवण करून आडवं व्हायच्या आधी मोबाइलवर २ वाजून ५५ मिनिटांचा अलार्म लावून ठेवा.